तौनोची पासष्ट झाडं

तौनो मात्तिलाच्या उजव्या हाताची मूठ आमच्या वस्तीत माप म्हणून चालायची. जाडजूड, सांध्यांवर सुजलेली, अंगठ्याचं नख लहानपणीच कुऱ्हाडीखाली गेलेलं. ही मूठ झाडाच्या बुंध्याशी बर्फात मनगटापर्यंत गेली की खाडी बंद. मग पलीकडे पोर्ट लॅव्हिनला जायचं तर अडतीस मैलांचा वळसा घालून जायचं. बर्फावरून तेच अंतर चार मैल.

नाताळ संपला की आमच्या टोकावरची सगळी घरं आपापलं वाळत चाललेलं नाताळचं झाड तौनोच्या अंगणात आणून टाकत. खाडी नीट गोठली की तो बर्फाला भोकं पाडून ती झाडं ओळीने रोवायचा. शंभर पावलांवर एक, त्याच्या अंगणापासून थेट पलीकडच्या धक्क्यापर्यंत. पासष्ट झाडं. हिमवादळात समोरचं काही दिसत नसलं तरी एका झाडापासून पुढचं झाड तेवढं दिसे, आणि माणूस घरी पोचे. मार्चमध्ये ऊन चढलं की काळपट झाडं तापत आणि बुंध्याभोवती बर्फ विरघळून खळगा पडे. रोज सकाळी तौनो त्यात मूठ घालून बघायचा. मूठ गेली की पहिलं झाड आडवं, मग एकेक करत सगळी.

किनाऱ्यावरून लोक एवढंच बघायचे. पहिलं झाड उभं तर जा, आडवं तर जाऊ नका. त्या झाडांना तौनोशिवाय कुणी हात लावत नसे. तसा नियम कुणी केलेला नव्हता, पण चाळीस वर्षांत कुणी लावला नव्हता एवढं खरं.

आम्ही इथे आलो ते यांच्या नोकरीमुळे. हे खाणींच्या कॉलेजात शिकवत. तौनो त्याच कॉलेजच्या हॉकीच्या मैदानावर कामाला होता. ही हॉकी बर्फावरची, आपली नव्हे. एकतीस वर्षं तो तिथला बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र चालवायचा. बुटाची टाच आपटून आवाजावरून सांगायचा की आज बर्फ कडक आहे, खेळायची रबरी चकती उडेल, किंवा आज मऊ आहे, पोरं दमतील. स्वतः कधी सामन्यात खेळला नाही. बाप तांब्याच्या खाणीत गेलेला, घरात पाच भावंडं, खेळायला वेळ कुठला. पण प्रत्येक वर्षीची पोरं त्याला नावानिशी पाठ असत, आणि कोण कुठल्या बाजूला वळताना अडखळतो तेही.

त्याची बायको ऐली कॉलेजच्या खानावळीत होती. त्यांना मूलबाळ नव्हतं. मी नवी असताना, बाहेर उणे पंचवीस आणि घरात मी एकटी रडत बसलेली असताना, ही बाई न सांगता दार ढकलून आत आली आणि म्हणाली, "रडायचंय ना, मग पीठ मळता मळता रड. पाव चांगला फुगतो." तिने मला त्यांचा वेलदोड्याचा गोड पाव शिकवला. वेलदोडे मात्र माझे. ते ती दरवेळी नाकाशी धरून म्हणायची, "हे खरे. आमच्या दुकानातला भुसा."

सामन्याच्या दिवशी ही दोघं काचेमागच्या त्याच दोन खुर्च्यांवर बसत. सामना दुसऱ्या गावात असला तर टीव्हीसमोर, टीव्हीवर नसला तर रेडिओसमोर. मी एकदा त्यांच्या घरी बसून बघितलं. तौनो सामना बघत होता आणि ऐली तौनोकडे बघत होती.

"तुम्ही खेळ नाही का बघत?" मी विचारलं.

"बघतेय की," ती म्हणाली. "सगळा याच्या तोंडावर दिसतो. तिकडे कशाला बघू, तिकडे नुसती धावाधाव."

मग ऐलीला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. तिला पोर्ट लॅव्हिनच्या वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. तौनो रोज जायचा, हिवाळ्यात बर्फावरून, एरवी वळशाने. दोन वर्षं ती एक शब्द बोलली नाही. डोळे मात्र जागे होते.

तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये आमच्या कॉलेजचा संघ, लिंक्स, बाद फेरीत गेला. जिल्ह्याच्या वाहिनीने तो सामना थेट दाखवला, आणि तौनोने तो ऐलीच्या खोलीत बसून बघितला. शेवटच्या मिनिटाला बरोबरीचा गोल झाला तसा तौनो ओरडत उभा राहिला, आणि मागून ऐलीचा आवाज आला, "बस खाली, तौनो."

ही गोष्ट त्याने मला पंधरा वेळा तरी सांगितली असेल. दरवेळी त्या शब्दांपाशी आला की थांबायचा आणि आपला हात बघायचा.

त्यानंतर पुन्हा ती गप्प. त्याने जुन्या सामन्यांच्या टेपा आणून लावल्या. काही नाही.

"मला निकाल ठाऊक असतो ना, विमल," तो एकदा माझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणाला. "ती पडद्याकडे बघतच नाही, माझ्या तोंडाकडे बघते. आणि माझं तोंड मेलेलं असतं. तिला कळतं. तिला थेटच लागतं, माझ्या डोळ्यांसमोर घडणारं. रेडिओ ऐकताना तर मी डोळे मिटून बसतो."

"पुढच्या मार्चमध्ये पुन्हा दाखवतील," मी म्हटलं.

पुढच्या मार्चमध्ये लिंक्स पुन्हा बाद फेरीत गेले, आणि वाहिनीने जाहीर केलं की यंदा त्या वेळेला बास्केटबॉल दाखवणार.

तौनो रोज फोन करायचा. तिकडची मुलगी रोज तेच सांगायची. मग त्याने मला पत्र लिहायला बसवलं. मी मराठी शाळेत शिकलेली, माझं इंग्रजी पुस्तकातलं. त्याला वाटे, सरकारदरबारी चालतं ते असंच असणार. देवळात म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, वाणसामानाच्या दुकानात, दाढी करायच्या खुर्चीवर, सगळीकडे त्याने कागद फिरवला. चारशे बारा सह्या झाल्या. आमच्या वस्तीतला रॉजर बर्गक्विस्ट सही करताना म्हणाला, "म्हाताऱ्या, त्यांना लिही की बास्केटबॉल दाखवायचंच असेल तर जमिनीवर थोडं पाणी ओतून गोठू तरी द्या. बघायला मजा येईल."

सगळे हसले. तौनो हसला नाही.

उत्तर छापील आलं. आपण आमचे प्रेक्षक आहात याचा आम्हाला आनंद आहे, वगैरे. खाली सहीसुद्धा छापलेली.

मग तो टेलिफोनची वही घेऊन बसला आणि किनाऱ्यावरच्या एकेक बारला फोन लावत सुटला. तुमच्याकडे उपग्रहाची तबकडी आहे का, कुठल्या वाहिन्या येतात, शनिवारी दुपारी एक वाजताचं काय. अकराव्या फोनला पोर्ट लॅव्हिनच्या जॉयसने हो म्हटलं. तिच्या बारच्या मागे न्हाणीच्या टपाएवढी तबकडी होती, आणि बारच्या मागच्या अंगणाला लागूनच वृद्धाश्रमाची भिंत.

"तिला इथे आणता येणार नाही," तौनोने सांगितलं.

"मग मी टीव्ही तिच्याकडे आणते," जॉयस म्हणाली. "दीडशे फूट तार लागेल. अंगणातल्या बर्फावरून टाकू. पण माझ्या गिऱ्हाइकांनी विचारलं तर सांगीन की तुझ्यामुळे चित्र हलतंय."

त्या दिवशी तौनोने आमच्या घरी तीन पाव खाल्ले. जाताना दारात थांबून म्हणाला, "डॉक्टर म्हणतो ती उतरत चाललीय. पुढच्या मार्चचं मला कुणी सांगू नका. मला हा शनिवार पाहिजे."

सामन्याच्या आधीच्या गुरुवारी सकाळी मी देवापाशी दिवा लावून ओट्याशी आले, तर खिडकीतून तौनो पहिल्या झाडापाशी गुडघ्यावर बसलेला दिसला. हवा दोन दिवस ऊबदार होती. बर्फ रात्रभर कण्हत होता. इथे राहून त्या आवाजाची सवय होते, पण त्या आठवड्यात तो वेगळा येत होता, खोल घशातून यावा तसा. मी कॉफी घेऊन बाहेर गेले. त्याने मला बघितलं नव्हतं. हातमोजा काढलेला, बाही वर केलेली. मूठ खळग्यात गेली, मनगट गेलं. तो तसाच बसून राहिला. मग हात बाहेर काढून त्याने बाजूचा भुसभुशीत बर्फ ओढला, खळग्यात भरला आणि बुटाने चेपला.

मी खोकले.

तो उठला. कॉफी घेतली. आम्ही दोघं झाडाकडे बघत उभे राहिलो.

"मूठ गेली का?" मी विचारलं.

"म्हातारपणी मूठ बारीक होते, विमल."

"तौनो, तुम्ही…"

"रात्री गोठतं. सकाळी पक्कं असतं. शनिवारी सकाळी मी चालत जाईन, फळी घेऊन, बांबूने ठोकत. रात्र तिकडे काढीन, रविवारी पहाटे परत. आल्या आल्या सगळी आडवी करतो."

"मग आजच आडवी करा आणि तुम्ही एकटे जा. तुम्हाला रस्ता माहीत आहे. किंवा मोटारीने जा वळशाने."

"मोटारीने जमलं तर मोटारीनेच जाईन. हे नुसतं हाताशी असू दे," तो म्हणाला. मग हळूच म्हणाला, "झाडं आडवी केली तर लोक विचारतील ना, तू कसा आलास म्हणून. आश्रमाची प्रमुख बाई मला परत बर्फावर पाऊल टाकू देणार नाही, आणि पुढच्या वेळी तसा आलो तर आत घेणार नाही."

मी रिकामा कप घेऊन घरात परतले. माझ्या मनात आलं, हा चाळीस वर्षं या बर्फावर जगलेला माणूस. मी कोण सांगणारी? आणि मनात असंही आलं की ऐली पुन्हा बोलावी. संध्याकाळी दिव्यापुढे हात जोडले तेव्हा तेवढंच मागितलं. झाडाबद्दल देवाशीही बोलले नाही.

शुक्रवारी पाऊस पडला. मार्चमधला पाऊस साचलेल्या बर्फावर पडला की धूर निघतो, तसं दिवसभर खाडीवर पांढरं काहीतरी सरपटत होतं. शनिवारी सकाळी गारठा आला आणि रेडिओवर सांगितलं की वळशाच्या रस्त्यावरचा ओढ्याचा पूल खचला, वाहतूक बंद.

आठ वाजता तौनो दारात आला. हे त्या आठवड्यात कामाने शिकागोला गेले होते, मी एकटीच होते. त्याच्या बर्फावर घसरणाऱ्या ढकलगाडीवर फटीवर टाकायची लांब फळी बांधलेली, हातात लोखंडी टोकाचा बांबू. अंगात इस्त्रीचा सदरा आणि त्यावर लिंक्सचा जुना हिरवा स्वेटर. मी पाव फडक्यात बांधून दिला.

"बांबू तीन ठोक्यात आरपार गेला तर मी परत फिरेन," तो म्हणाला.

"शपथ?"

"तुझ्या त्या दिव्याची."

मी दुर्बिणीने त्याला बघत राहिले. ठोकत, थांबत, ठोकत. विसाव्या झाडाच्या अलीकडे तो बराच वेळ थांबला, मग लांबून वळसा घालून पुढे गेला. दहा वाजता पलीकडून त्याचा फोन आला. "पोचलो," म्हणाला. आवाजात पंचवीस वर्षांचा पोरगा होता.

मी तेव्हा बाहेर जाऊन पहिलं झाड पाडायला हवं होतं. तो पोचला होता, आता झाड उभं असायचं काही कारण नव्हतं. हे मला आज कळतं असं नाही, तेव्हाही कळत होतं. पण त्याच्या झाडांना कुणी हात लावत नाही. मी कणीक तिंबायला घेतली.

साडेअकराला स्नोमोबाइलींचा, म्हणजे बर्फावर पळणाऱ्या गाड्यांचा आवाज आला. आमच्या घरापासून अर्ध्या मैलावर होड्या उतरवायचा घाट आहे. वस्तीतले लोक तिथूनच बर्फावर उतरतात आणि पुढे तिसऱ्या झाडापाशी रांगेला लागतात. रस्ता बंद झाल्यामुळे जॉयसकडे सामना बघायला निघालेली मंडळी आता बर्फावरून चालली होती. सगळ्यात पुढे रॉजर. मी मोजली, अकरा माणसं. रस्त्यात उभी राहून पहिल्या झाडाकडे त्यांनी मान वळवून बघितलं असणार. उभं होतं.

मी दार उघडलं. हाक मारायला तोंडही उघडलं. अर्धा मैल, आणि त्या यंत्रांचा आवाज. मी उंबऱ्यात उभी राहून त्यांना लहान होताना बघितलं. ती सगळी पलीकडे सुखरूप पोचली, ते दुर्बिणीतून दिसलं. मला इतकं बरं वाटलं की मी पुन्हा कणकेला हात घातला. आणि मग ऊन पडलं. वळचणीला पागोळ्या सुरू झाल्या.

एक वाजता मी रेडिओ लावला. पहिल्या भागात लिंक्सनी गोल केला, मग त्यांच्यावर झाला. दुसऱ्या भागात पुन्हा तसंच. दोन-दोन. मला त्यातलं फारसं कळत नाही, पण सांगणाऱ्याच्या आवाजावरून कळतं. माझं लक्ष पागोळ्यांकडे होतं. आता एक धार लागली होती. सकाळी गेले ते कडक बर्फावरून गेले. सामना संपला की हेच अकराजण, पोटात बिअर घेऊन, याच झाडांमधून परत येणार होते. उन्हात दिवसभर तापलेल्या झाडांमधून.

मी बाहेर जाऊन पहिल्या झाडापाशी बसले. तौनोने भरलेला बर्फ केव्हाच गळून गेला होता. मी हात घातला. माझी मूठ लहान, पण हात कोपरापर्यंत गेला आणि खाली नुसतं गार पाणी लागलं.

घरात येऊन मी ऐलीच्या खोलीत फोन लावला. फोन जॉयसने उचलला. पुढचं तिनेच मला नंतर सांगितलं.

ऐलीला उशा लावून बसवलं होतं. तौनो पलंगाच्या कडेला, तिला आपला चेहरा दिसेल असा. दोन भाग झाले तरी ती बोलली नव्हती. तौनो मध्येच म्हणत होता, "बघ हं, आता शेवटचा भाग राहिला, आता बघ." जॉयसने फोनवर माझं ऐकलं आणि तौनोला सांगितलं, "तुझी शेजारीण म्हणते, अकरा माणसं तुझ्या झाडांवरून आलीत. बारमध्ये बसलीत. आणि ती म्हणते, हात कोपरापर्यंत गेला."

जॉयस म्हणते, मी माणसाचं तोंड असं कधी बघितलं नाही. त्याने टीव्हीकडे बघितलं नाही, फोनकडे बघितलं नाही, ऐलीकडे बघितलं. आणि ऐलीने त्याचं तोंड वाचलं. मग ती बोलली. त्यांच्या भाषेतला एकच शब्द.

"जा."

त्याने टोपी घेतली. ढकलगाडी, फळी आणि बांबू दाराशीच होते. तो आधी बारमध्ये शिरला. मंडळींनी ओरडून स्वागत केलं. "ए म्हाताऱ्या, बस, तुझ्यासाठी जागा ठेवलीय. चित्र हलवू नकोस फक्त!"

"परत कुणी बर्फावर जायचं नाही," तौनो म्हणाला. "पूल दुरुस्त होईपर्यंत इथेच राहायचं."

"झाड तर उभं आहे की!"

"मी उभं ठेवलं," तो म्हणाला. "मूठ गुरुवारीच गेली होती."

कुणीतरी शिवी दिली, पण अर्ध्यात सोडली. त्याने माणसं मोजली. दहा.

"रॉजर कुठाय?"

रॉजर दुसरा भाग संपताच निघाला होता. त्याचा बाप ऐंशी वर्षांचा, सकाळी यायला घाबरला होता, आणि आता फोनवर रडकुंडीला आला होता की रेडिओत काही मजा नाही. बर्फ पक्का आहे म्हटल्यावर रॉजर त्याला आणायला गेला. तौनो तसाच बाहेर पडला. दोघंतिघं मागे निघाले, त्यांना त्याने बांबू आडवा धरून अडवलं. "एवढं वजन तिथे नको," म्हणाला. आणि पलीकडच्या धक्क्यावरून, पासष्टाव्या झाडापासून, तो झाडं आडवी करत निघाला. रॉजर बापाला घेऊन परत येताना त्याला लांबूनच आडवी झाडं दिसावीत म्हणून.

इकडे मी फोन ठेवला तेव्हा रॉजर निघाल्याचं मला ठाऊकच नव्हतं. मी पहिलं झाड पाडलं. हात लावताच ते असं सहज आलं, जणू वाट बघत होतं. मग पोटाशी एक जुनी शिडी धरून दुसऱ्यापर्यंत गेले. पायाखाली पाणी पचपचत होतं. तोंडाने स्तोत्र चालू होतं, पण कुठलं ते आठवत नाही. तिसरं झाड मी उपटत होते तेव्हा घाटाकडून यंत्राचा आवाज आला, आणि रॉजर, मागे कांबळ्यात गुंडाळलेला त्याचा बाप.

त्याने गाडी थांबवली. "विमल! डोकं फिरलं का तुझं? तौनोच्या झाडांना हात लावतेस?"

"मूठ गुरुवारीच गेलीय, रॉजर. मागे फिर."

"तौनो स्वतः आज गेलाय!"

"चालत गेलाय, फळी घेऊन. तू कुठून आलास आत्ता? तुला पाणी नाही दिसलं?"

त्याने मागे खाडीकडे वळून बघितलं. "विसाव्या झाडाच्या आसपास उडत होतं," म्हणाला. "मला वाटलं, वरचंच आहे." मागून त्याचा बाप म्हणाला, "पोरा, बाई सांगते ते ऐक. मला रेडिओ चालेल."

आम्ही तिघंही किनाऱ्यावर आलो. माझ्या घरात येऊन मी त्यांना कॉफी दिली आणि जॉयसला फोन लावला, की रॉजर इथे आहे, सुखरूप आहे, तौनोला सांग. तिने बारमध्ये कुणाला तरी वेळ विचारली. मग म्हणाली, "तो अर्धा तास झाला, बर्फावर गेला. रॉजरला शोधायला."

आम्ही बाहेर धावलो. दुर्बिणीतून आधी फक्त झाडांची रांग दिसली. मग मला दूर एक झाड पडताना दिसलं. थोड्या वेळाने अलीकडचं. मध्ये एक ठिपका, हिरवा. तो चालायचा, वाकायचा, झाड पडायचं. इतक्या लांबून काही ऐकू येत नव्हतं. झाडं न आवाज करता आमच्याकडे पडत येत होती.

रॉजर ओरडला, हात हलवले. मग घाटावर ठेवलेली आपली मोटार किनाऱ्याला आणून दिवे उघडझाप करू लागला, भोंगा वाजवू लागला. मी कांबळं हलवत होते. थांब, मागे जा, इथे सगळे आहेत, एवढंच आम्हाला सांगायचं होतं. पण विसाव्या झाडाच्या पलीकडे आल्यावर दुर्बिणीत तो ठिपका थांबला, आमच्याकडे बघितल्यासारखा उभा राहिला, आणि मग झाडं तशीच सोडून झपाझप सरळ आमच्या दिशेने चालू लागला. त्याला काय वाटलं ते तोच जाणे. रॉजर बुडतोय आणि आम्ही हाका मारतोय, असं वाटलं असेल.

"दिवे बंद कर!" मी किंचाळले. "रॉजर, दिवे बंद कर!"

त्याने बंद केले. मी पुन्हा दुर्बीण लावली. एकोणिसावं झाड उभं होतं. त्याच्या मागे पुढे कुणी नव्हतं.

माणसं सपाट होडी घेऊन आली तोवर उन्हं उतरली होती. एकोणिसाव्या झाडाशी त्यांना फळी आणि ढकलगाडी मिळाली. तौनो मे महिन्यात मिळाला, दक्षिणेच्या वाळूत, हिरवा स्वेटर अंगात.

लिंक्स त्या दिवशी जादा वेळेत जिंकले. मला हे चौथ्या दिवशी कळलं, आणि तेही मी विचारलं नव्हतं.

गुरुवारी मी काय बघितलं ते मी रॉजरला सांगितलं, त्यांच्या पाद्रीला सांगितलं आणि यांना सांगितलं. हे म्हणाले, तू तरी काय करणार होतीस. पाद्री म्हणाला, प्रार्थना कर. रॉजरने पुढच्या नाताळानंतर आपलं झाड माझ्या अंगणात आणून टाकलं नाही. कुणीच टाकलं नाही. खाडीवर आता झाडं नसतात. सगळे वळशाने जातात.

पुढच्या फेब्रुवारीत त्या वाहिनीचं पत्र आलं, तौनोच्या नावावर. या वेळी सही शाईची होती. यंदापासून बाद फेरीचे सगळे सामने थेट दाखवण्यात येतील. आमच्याकडे ते पत्र टपालवाल्याने दिलं, कारण शेजारचं घर बंद.

पहिल्या सामन्याच्या दिवशी मी पाव केला आणि अडतीस मैल गाडी चालवत ऐलीकडे गेले. ती मागच्या मार्चपासून पुन्हा बोललेली नाही. तिला कुणी काही सांगितलं असेल तर मला माहीत नाही. मी तिला उशा लावून बसवलं, पावाचा तुकडा कॉफीत बुडवून भरवला, टीव्ही लावला आणि पलंगाच्या कडेला बसले, तो बसायचा तिथे.

खेळ सुरू झाला. ऐलीने टीव्हीकडे बघितलं नाही. तिने हळूहळू मान वळवली आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागली.

मी अजून दर सामन्याला जाते. तिथे बसते आणि तोंड फिरवत नाही. तो गुडघ्यावर बसून बर्फ चेपत होता आणि मी कॉफी धरून उभी होते, ते सगळं माझ्या तोंडावर असणारच. ती वाचते आहे. कधीतरी वाचून होईल, आणि मग ती काहीतरी बोलेल.